दुपारी बारापर्यंत

१४ ऑक्टोबर

ती. ताई, सा. नमस्कार.

सवयीने आधी 'सौ.' लिहिलं आणि खोडलं. कागद बदलायला हवा होता. भावोजींना जाऊन एकवीस दिवस झाले आणि माझी एक ओळ नाही, माफ कर. अक्षर वाकडं दिसेल, डाव्या हाताने लिहितोय. उजव्या हाताची बोटं गाडीच्या दारात चेंगरली. आईला एवढंच सांग.

इथे आपल्या देशाच्या कार्यालयात सगळं ठीक. राजदूतसाहेबांचे विनोद तेच. "शेजारी देशांच्या या संघटनेत पगार बोलण्याचा, बढती गप्प राहण्याची." मी हसलो.

तू फोनवर विचारलंस, "आपल्या गावच्या पुलावरचे परदेशी निरीक्षक काढले कसे रे? तू तिथेच बसतोस ना?" ते उभे होते तोवर सीमेपलीकडच्या तोफा थंड होत्या, हे मलाही माहीत होतं. मी म्हणालो, बैठकीत ठरलं. बैठक झालीच नव्हती, ताई.

इथे मसुदा सगळ्या देशांना पाठवतात. दुपारी बारापर्यंत कुणाचीच लेखी हरकत आली नाही, तर तो मंजूर. निरीक्षक काढण्याचा मसुदा तसाच आला. साहेबांनी दहा वाजता हरकतीच्या पत्रावर सही करून ते माझ्या हातात दिलं. "थांब जरा, राजधानीत विचारतो." आणि गेले. पावणेबाराला फोन केला, उचलला नाही. पत्र द्यायचं ते कार्यालय फक्त दोन मजले खाली. मी घड्याळाकडे बघत बसलो. विचारल्याशिवाय काही करायची सवय नव्हती. हे कारण मी रोज तपासतो. रोज ते लहान होत जातं.

बारा पाचला ते आले. "पाठवलंस?"

"तुम्ही थांब म्हणालात."

"मग बरोबर केलंस," म्हणाले आणि चहा मागवला.

चौथ्या दिवशी तोफा सुटल्या. भावोजींना तू चादरीत वेचून आणलंस. त्यांच्या दुकानासमोर उभा असलेला, आमच्या ड्रायव्हरचा भाऊ नुसत्या कमरेच्या पट्ट्यावरून ओळखला.

ड्रायव्हरला मी परवा गाडीतच सगळं सांगितलं. त्याने गाडी थांबवली, मला बाहेर ओढलं, तोंडावर बुक्क्या घातल्या. दोन दात पडले. मग माझा हात दाराच्या फटीत धरला.

"याच हातात होतं ना पत्र, साहेब?"

तेव्हाही 'साहेब' म्हणाला. मी "हो" म्हटलं. त्याने दार आपटलं. पुन्हा आपटलं. हाड मोडल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. तिसऱ्यांदा दार उघडलं आणि तोच रडत खाली बसला.

तो आता कोठडीत आहे. साहेबांनी माझा जबाब टाइप करून पाठवलाय : विनाकारण हल्ला. फक्त सही हवी. "ते पत्र फाडलंस ना?" असंही विचारलं. हो म्हणालो. फाडलेलं नाही. माझ्या खणात आहे.

हे आधी तुला सांगायचं होतं. ड्रायव्हरला सांगितलं, कारण तो मारेल याची खात्री होती. तू काय करशील ते कळत नव्हतं.

उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. पण तुझं गप्प राहणं मी मंजुरी समजणार नाही.

तुझा (भाऊ म्हणायचं की नाही, तू ठरव)

उद्या सकाळी : जबाबावर सही न करता, खणातलं साहेबांच्या सहीचं पत्र पोलीस ठाण्यात देणे.