भिंतीवरचा चेहरा

शनिवार, ४ मे. सकाळी ७.
निवृत्त होऊन तीन महिने झाले. आराम पुरे. आमच्या लुवैब्दे टेकडीवर हल्ली दर तिसऱ्या भिंतीवर कोणी ना कोणी चित्र रंगवून जातं, आणि लोक कोथिंबिरीची जुडी घेऊन खाली मान घालून जातात. अम्मानला बघायला शिकवणारं कोणीतरी हवं. कस्टममध्ये तीस वर्षं लोकांच्या पेट्या उघडून आत काय आहे ते बघितलं. नजर तयार आहे.
ठराव : दर शुक्रवारी नमाजानंतर भित्तिचित्रांची टूर. फुकट. मार्गदर्शक : मी.
नजाहला सांगितलं. म्हणाली, टोपी घालून जा, ऊन असतं. बायकोला कलेतलं एवढंच कळतं.

शुक्रवार, १० मे
पहिली टूर. हजर : तीन. पैकी दोघं दातांचा दवाखाना शोधत होते. तरी लाँड्रीच्या भिंतीवरच्या निळ्या माशापर्यंत त्यांना धरून ठेवलं. मासा म्हणजे मायदेश सोडलेल्या माणसाचं मन, असं समजावलं. लाँड्रीवाला आतून ओरडला, अबू घस्सान, मासा म्हणजे मासा! इथे आधी मासळीचं दुकान होतं!
शिक्षणाची किती गरज आहे, ते दिसलं.

रविवार, १२ मे
मोठी बातमी! आमच्याच इमारतीची बाजूची भिंत रंगवली जाणार. चित्रकार रगद नावाची मुलगी, इरबिदची. तिशीतली, आमची सून शोभेल अशी, पण हातभर रंग. परवानगी मागायला घरी आली. म्हणाली, या इमारतीत राहणाऱ्या माणसाचं चित्र काढायचंय, चार मजली. हे म्हणताना सरळ माझ्याकडे बघत होती. (माझ्या मागे नजाह कपड्यांच्या घड्या घालत होती. बाकी कोणी नव्हतं.)
मी होकार दिला. जेवताना नजाह काहीतरी सांगत होती, पण मी तिला छाया-प्रकाशाबद्दल सांगत होतो.

मंगळवार, १४ मे. दुपार.
भिंतीखाली खुर्ची टाकून बसलो. डावी बाजू तिच्याकडे. डावी बाजू जास्त बोलकी आहे. पाऊण तास हललो नाही. तोंड तेवढं चालू होतं, कारण तिला प्रमाणबद्धतेबद्दल कोणीतरी सांगायला हवं होतं. तिने कानात इअरफोन घातले. एकाग्रतेसाठी असणार.

गुरुवार, १६ मे
मान आखडली. डावीकडे वळत नाही. नजाहने ऑलिव्हचं तेल कोमट करून चोळलं.
रंगवायला गच्चीवरून दोरांनी टांगलेला रगदचा पाळणा आता आमच्या पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीला लागला. नजाह तिथेच मुलुखियाच्या भाजीची पानं निवडत बसते आणि दोघींच्या गप्पा चालतात. आज तर खो खो हसत होत्या. नजाहला बाजूला घेऊन बजावलं, कलाकाराचा वेळ खाऊ नको. बरं म्हणाली, आणि रगदसाठी मसुराचं सूप घेऊन गेली.

रविवार, १९ मे
रेषा उमटल्या! आधी हात आले. जरा नाजूक वाटतात, पण कलाकाराला तेवढी सूट द्यावी. मांडीवर हिरवी पानं. विजेत्याला पानांचा मुकुट घालतात, त्यातलीच असावीत.
न्हाव्याला सांगितलं. औषधवाल्याला सांगितलं. शारजाला मुलाला, घस्सानला फोन करून सांगितलं, बाप भिंतीवर चढतोय, सुट्टी काढ. त्याने विचारलं, आईचं काय म्हणणं आहे? या प्रश्नाचा संबंध कळला नाही.
अनावरणाचं भाषण लिहायला घेतलं. पाने सहा.

बुधवार, २२ मे
डोक्याभोवती फिकट निळं वस्त्र आलं. तत्त्वज्ञाचा फेटा. मला सुचलं नसतं.

गुरुवार, २३ मे. संध्याकाळी ६.
चेहरा आला. नजाह आहे.

त्याच दिवशी, ६.२०
परत जाऊन बघितलं. नजाहच.

त्याच दिवशी, ७
रगदला शांतपणे विचारलं. ती गोंधळली. म्हणाली, काका, मी पहिल्याच दिवशी काकूंना विचारलं होतं, त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही? नजाहला विचारलं. म्हणाली, सांगितलं की. रविवारी, जेवताना. मग माझ्या खुर्चीचं काय, असं रगदला विचारलं. ती म्हणाली, मला वाटलं तुम्ही पाळण्यावर लक्ष ठेवायला बसता.
न्हाव्याकडे आठवडाभर जाणार नाही. दाढी वाढवावी, असं मनात होतंच.

शुक्रवार, २४ मे
टूर रद्द करणार होतो, पण अकरा जण आले. विक्रम! सगळ्यांना आमचीच भिंत बघायची होती. मग विचार केला, या चित्रावर अधिकाराने बोलणारा माझ्याइतका कोण? तेहेतीस वर्षं संसार केलाय.
निळा रंग, हात, नजर, सगळं उलगडलं. लोक माना डोलवत होते. इतक्यात एका बाईने विचारलं, डाव्या भुवईवर ती बारीक खूण कसली? मी म्हटलं, ती या शहराची जखम आहे. ती म्हणाली, नाही हो, त्या वर उभ्या आहेत ना, त्यांना खरंच आहे.
अकरा जणांनी वर बघितलं. मीही बघितलं. नजाह बाल्कनीत टॉवेल वाळत घालत होती.
आहे खूण.
एक मिनिट म्हणून वर गेलो. तिला विचारलं, हे कधी झालं? म्हणाली, लग्नाच्या वर्षी. सोफा जिन्यातून वर आणताना. विचारलं, पडलीस? म्हणाली, दुसरं टोक तुमच्याकडे होतं. तुम्ही हात सोडून मला दाखवत होतात, सोफा कसा धरायचा ते.
खाली लोक ताटकळले होते. त्यांना आता काय सांगू, असं विचारलं. राहू द्या, मी सांगते, म्हणाली, आणि चपला घालून खाली गेली.
रस्त्याच्या गोंगाटात बाल्कनीतून शब्द ऐकू येत नव्हते. अकराचे अकरा जण हसत होते. सोफ्याचंच चाललं असणार.