बावीस फळ्यांवरचा खडू

मी, सोनाउल्ला नजार, वडिलांचे नाव मरहूम रसूल नजार, वय एकाहत्तर, धंदा अक्रोडाच्या लाकडावर नक्षीकाम (आता बंद), राहणार सफा कदल, श्रीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले आहे. फुप्फुसांबद्दल त्यांनी जे लिहिले तो कागद इथे जोडलेला नाही. पन्नास वर्षे लाकडाचा भुसा नाकातून आत गेला, तो आता बाहेर यायचे नाव घेत नाही. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही की चहातून काही पाजलेले नाही. मी फक्त दमलो आहे, आणि दमलेल्या माणसाचे मृत्युपत्र कायद्याला चालते, हे मी वकील ताहिर साहेबांना विचारून घेतले आहे. कलमे थोडक्यात लिहा, गोष्टी सांगत बसू नका, असेही ते म्हणाले. ते तरुण आहेत.

कलम पहिले. माझे दफन त्याच दिवशी व्हावे. चौथ्या दिवशी मोठी डेग चढवून गल्ली जेवू घालू नये. ज्यांना माझ्या घरचा रिस्ता, मटणाच्या गोळ्यांचा रस्सा, आवडतो त्यांनी तो मी जिवंत असताना पोटभर खाल्लेला आहे.

कलम दुसरे. घराबद्दल मी काही ठरवायचे नाही, ते आमच्या शरियतने आधीच ठरवले आहे. बायको ज़ूनीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलगा इर्शादचे दोन वाटे आणि मुलगी मसरतचा एक. हुकूम नाही, पण विनंती करतो, की हमामची खोली ज़ूनी असेपर्यंत तिलाच असावी. तिचे गुडघे त्या गरम फरशीवाचून हिवाळा काढू शकत नाहीत. हे लिहीत असताना ती मिठाचा नून चहा घेऊन आली आणि पाने बघून म्हणाली, "अहो, घर वाटताय का अख्खं डल सरोवर?" मी म्हणालो, तुझाही वाटा आहे. "माझा वाटा मी बेचाळीस वर्षं भोगतेच आहे," म्हणाली आणि पेला ठेवून गेली.

कलम तिसरे. माझी हत्यारे या मृत्युपत्रात नाहीत, कारण ती आता माझी नाहीत. सत्तावीस पटाशा, दोन लाकडी हातोडे आणि घोटायचा अकीकाचा दगड, हे सगळे मी मागच्या ईदेला मसरतच्या हातात दिले आणि तिने ते घेतले. ज़ूनी समोर होती. माझ्या चुलतभावांनी मला विचारले होते की नजारांच्या घरात पटाशी पोरीच्या हातात जाणार का. जाणार नव्हे, गेलीच. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, हे त्यांनाही दिसते, म्हणून तर विचारतात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही मसरतनेच करावी.

कलम चौथे. इर्शादने औद्योगिक वसाहतीत जे मशीन बसवले आहे ते त्याचे आहे, त्यावर कोणाचा हक्क नाही, माझा राग तेवढा आहे. ते मशीन अत्तराच्या बाटल्यांची अक्रोडी बुचे कातते, दिवसाला दोनशे. चांगली असतात, सगळी सारखी. मी त्याला एकदा म्हणालो होतो की तुझ्या बुचांत एक तरी कंटाळलेले बूच दाखव, मग मी त्याला काम म्हणेन. तो हसला. हा राग मी माझ्याबरोबर नेतो आहे, त्याने तो मनात ठेवू नये.

कलम पाचवे. शरियतने मालमत्तेचा एक तृतीयांश भाग माझ्या हातात ठेवला आहे, तोही वारस नसलेल्या माणसाला द्यायचा असेल तर. माझ्या अंगणातल्या पडवीत अक्रोडाच्या मुळाच्या लाकडाची थप्पी आहे. २०११ साली कापलेल्या चौसष्ट फळ्या. हे लाकूड काळसर असते, रेषा नदीच्या गाळासारख्या वळत जातात, आणि आता असे मूळ मिळत नाही, कारण झाड तोडायलाच परवानगी मिळत नाही. ताहिर साहेबांनी हिशेब घातला, थप्पी तृतीयांशात बसते. ती संपूर्ण थप्पी मी रजब डार, राहणार बेमिना, सध्या नवा कदल येथील सुताच्या दुकानात बसणारे, यांना देत आहे.

इर्शादला हे कळले तेव्हा तो म्हणाला, "अब्बा, त्या म्हाताऱ्याला? ज्याच्यामुळे आपला कारखाना बसला त्याला?"

त्याने जे ऐकले तेच तो बोलला. त्याला ऐकवणारा मी होतो. म्हणून आता वकिलांनी नको म्हटले तरी सांगतो.

रजब डार, म्हणजे आमचे रजब काक, माझ्या कारखान्यात एकोणतीस वर्षे लाकूड राखत होते. ते नक्षी करत नसत. फळी कापून आली की तिच्या टोकावर ते खडूने साल लिहीत आणि थप्पी लावत. मुळाच्या लाकडाला सात हिवाळे द्यायचे, हा आमचा नेम. सात झाले तरी ते फळी उभी करून बोटाच्या पेराने ठोकत, आवाज ऐकत, आणि मग "घ्या" म्हणत. त्यांनी घ्या म्हटलेली फळी माझ्या हाताखाली कधी तडकली नाही. मी नक्षीचा उस्ताद म्हणून मिरवलो, पण पाया त्यांचा होता.

२०१४ मध्ये परदेशी अत्तरवाल्यांनी दिल्लीच्या दलालामार्फत तीनशे पेट्या मागितल्या. एका अखंड ठोकळ्यातून कोरलेली पेटी, वर सरकते झाकण, आत एक बाटली. त्यांच्या बाई नमुना बघायला आल्या होत्या. मी झाकणावर चिनारची पाने काढली होती, अकरा दिवसांचे काम. त्यांनी पानांवरून बोट फिरवले, छान म्हणाल्या, आणि सांगितले की हे काहीच नको. फूल नको, पान नको, रोगण नको, मेणही नको. नुसते लाकूड, कारण वाळलेले अक्रोड अत्तरात आपला वास मिसळत नाही. चाळीस वर्षे मी फुले कोरायला शिकलो आणि सगळ्यात मोठी मागणी आली ती बिनफुलांची. हा माझा त्या बाईंवरचा जुना राग, तोही इथे नोंदवतो. पण त्यांचे खरे होते. त्या पेटीत माझे काही नव्हते. जे होते ते रजब काकांचे.

सप्टेंबरात पूर आला. जुने लाकूड बेमिनाच्या शेडमध्ये होते, ते पाण्याखाली गेले. शेजाऱ्यांनी होडीतून ओढून वाचवलेल्या अठरा जुन्या फळ्या आमच्या माळ्यावर आल्या, टोके पाण्याबाहेर राहिल्याने त्यांवरचा खडू तेवढा शाबूत. लागत होत्या चाळीस. रजब काकांचे घरही बेमिनाला, तेही बुडालेले. ते गाळ उपसून तापाने पडले होते. दलाल रोज फोन करी, की माल डिसेंबरात नसेल तर काम दुसरीकडच्या मशीनवर जाईल. कारखान्यात अकरा माणसे होती. अकरा माणसांचे नाव पुढे करायला बरे पडते, पण खरे सांगायचे तर मला ते काम हातचे घालवायचे नव्हते.

मी अंगणातल्या २०११ च्या थप्पीतून बावीस फळ्या काढल्या. तीनच हिवाळे खाल्लेल्या. ओल्या फडक्याने साल पुसले आणि खडूने २००६ लिहिले. रजब काक सहाचा आकडा जरा मागे झुकवून काढत. मी नक्षीवाला माणूस, दुसऱ्याच्या हाताचा बाक उचलायला मला कितीसा वेळ लागणार. बावीस आकड्यांना एका चहाएवढा वेळ लागला.

ताप उतरल्यावर रजब काक आले. चाळीस फळ्या भिंतीला टेकवलेल्या होत्या. त्यांनी एकेक ठोकली आणि काही बाजूला काढल्या. म्हणाले, "सोना, ह्या जड बोलतायत."

मी म्हणालो, "काक, आकडे तुमच्याच हातचे आहेत. पुराचं पाणी तुमच्या कानात राहिलंय."

त्यांनी टोके बघितली, एकूण एक. मग फळ्या स्वतःच्या हाताने परत जागेवर ठेवल्या. त्यांनी कानावर नाही, आपल्या खडूवर विश्वास ठेवला, आणि तो खडू माझा होता.

मार्चमध्ये तिकडच्या कोरड्या, गार हवेच्या दुकानांत पेट्यांची तोंडे उघडली. झाकणे अडकली, काही उभी तडकली, आणि ज्या टिकल्या त्यांतल्या अत्तराला ओल्या लाकडाचा आंबूस वास लागला. अत्तरवाल्यांनी पत्र पाठवून विचारले की असे कसे झाले. मी एका ओळीत उत्तर दिले: लाकूड राखणाऱ्याचा अंदाज चुकला. खाली माझी सही आहे. त्यांनी कळवले, माणूस बदला, मग पुढचे बघू.

मी रजब काकांना बोलावून उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. ते म्हणाले, "बरोबर केलंस. ज्या हाताला ओलं-सुकं कळत नाही त्यानं लाकडाला हात लावू नये." चप्पल घालताना त्यांनी दाराची चौकट धरली होती, ती सोडून दिली. पुढचे काम तरीही आले नाही. चार वर्षांनी मी कारखाना बंद केला आणि लोकांनी त्याचा दोष कोणाला द्यायचा ते मी लोकांवर सोडले.

मी काढल्यापासून रजब काक पुतण्याच्या दुकानात सुताच्या काट्याजवळ बसतात. काटा वजन सांगतो, हाताला विचारावे लागत नाही. मागच्या उन्हाळ्यात ज़ूनी मला म्हणाली, "रजब काक कलिंगड घेत होते. फळवाल्याला म्हणाले, तूच ठोकून दे बाबा, मला कळत नाही." ती हसत सांगत होती. मी जेवण अर्धे टाकून उठलो. मला लाज वाटते. नऊ वर्षे वाटते आहे, आणि लाजेने माणूस सुधारतो म्हणतात, मी नुसता थकलो. त्या थप्पीला मी पुन्हा हात लावला नाही.

कलम सहावे. माझी इच्छा होती की या कागदावर साक्षीदार म्हणून रजब काकांनीच सही करावी. ताहिर साहेब म्हणाले, "ज्याला द्यायचं त्याचीच साक्ष घेऊ नका, उद्या कोणीही बोट ठेवेल." म्हणजे एकतर लाकूड द्या, नाहीतर सही घ्या. मी लाकूड निवडले. मग बुधवारी रात्रभर खोकताना मला कळून चुकले की मी मेल्यावर कोणीतरी त्यांना हे वाचून दाखवणार, आणि ते उलट विचारू शकणार नाहीत. हेही मी माझ्याच सोयीचे केले होते. शुक्रवारी नमाजानंतर मी त्यांना बोलावणे पाठवले.

कलम सातवे, शुक्रवारी संध्याकाळी लिहिले. रजब काक आले. वय चौऱ्याहत्तर, अजून जिना धरत नाहीत. दोन्ही साक्षीदार आणि ताहिर साहेब बसलेले होते, ज़ूनी दारात होती. मी कलम पाचवे मोठ्याने वाचले. मध्ये दोनदा श्वास पुरला नाही, तेव्हा मसरतने पुढच्या ओळी वाचल्या, आणि तिलाही त्या पहिल्यांदाच कळत होत्या. ज़ूनीने माझ्यासमोरचा चहा उचलला आणि रजब काकांसमोर ठेवला.

त्यांनी मांडीवरची बोटे एकदा मिटून उघडली. मग विचारले, "किती पुसल्यास?"

"बावीस."

"नीट आठव."

"बावीसच, काक. माझ्या हातानं."

"मी तेवीस काढल्या होत्या," ते म्हणाले. "म्हणजे एक माझी चुकली."

मी म्हणालो की ती पुरात भिजलेली असेल, म्हणून जड वाटली असेल, अंगात ताप होता. ते म्हणाले, "वाळलेली ती वाळलेली. चुकली ती चुकली. पण तेवीसात एकच." आणि हे त्यांनी आणखी एकदा, हळू, स्वतःशीच म्हटले. माफीबद्दल मी विचारले तेव्हा म्हणाले, "ते बघू. नऊ वर्षं मी स्वतःला मूर्ख समजलो, तू नऊ दिवस तरी थांब."

मग ते कोणाला न विचारता खाली अंगणात गेले. वर आम्हाला फळ्यांवर पेर आपटल्याचा आवाज येत राहिला, एक एक करून, सगळ्या चौसष्ट. अस्रची, तिसऱ्या प्रहरची अजान झाली तेव्हा ते वर आले. बोटांना खडू लागलेला होता.

म्हणाले, "चौसष्ट लिहू नकोस. नदीकडच्या भिंतीला टेकलेल्या पाच अजून ओल धरून आहेत. त्यांना दोन हिवाळे दे. एकोणसाठ लिही."

ताहिर साहेब म्हणाले की मृत्युपत्रात खोडाखोड बरी दिसत नाही, पुन्हा नवे लिहावे. मला पुन्हा लिहायचे त्राण नाही, आणि ही खोडाखोड दिसलेलीच बरी. तरी जाहीर करतो की कलम पाचव्यातील "चौसष्ट" आणि "संपूर्ण" हे शब्द रद्द समजावेत. रजब डार यांना एकोणसाठ फळ्या आजपासून. त्या मी हयातीतच त्यांच्या ताब्यात दिल्या आहेत. उरलेल्या पाच दोन हिवाळ्यांनंतर, म्हणजे २०२५ च्या वसंतात, त्यांनी ठोकून "घ्या" म्हटल्यावर. तोवर त्या मसरतने भिंतीपासून हातभर दूर उभ्या कराव्यात. अत्तरवाल्यांना मी आज दुसरे पत्र लिहिले आहे, तेही एका ओळीचे, ते इर्शादने टपालात टाकावे आणि आधी स्वतः वाचावे.

आकडा बदलला आहे तो माझ्या हाताने, रजब डार यांच्या सांगण्यावरून, त्यांच्या डोळ्यांदेखत आणि खालील दोघांसमक्ष.

सही: सोनाउल्ला नजार

साक्षीदार:
१. गुलाम नबी कावा, निवृत्त शिक्षक, सफा कदल
२. तारिक मिसगर, तांबट, सफा कदल

स्थळ: सफा कदल, श्रीनगर
तारीख: २० ऑक्टोबर २०२३, शुक्रवार