सर रेजिनाल्ड यांची खुर्ची आणि आर्वीचे घर

मी, लक्ष्मणराव नारायण पाठक, वय ८१, तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार आर्वी, जि. वर्धा, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहितो. त्यातून मला एवढेच सिद्ध करायचे आहे: जो बैठकीतून उठत नाही, तोच भांडण मिटवतो.

१. पुरावा म्हणून सर रेजिनाल्ड ॲशवर्थ यांचे आयुष्य सादर करतो. पाद्र्याचा मुलगा, परराष्ट्र खात्यात कारकून म्हणून शिरला आणि दुसऱ्या महायुद्धात एका तटस्थ देशात ब्रिटनचा राजदूत झाला. तिथले मंत्री जर्मनीकडे झुकलेले. ते रोज यांचा अपमान करत. हे रोज कॉफीचा दुसरा कप मागत. देश अखेरपर्यंत युद्धाबाहेर राहिला. निवृत्तीनंतर साहेबांनी गुलाब लावले.

२. त्यांचे चरित्र लिहिण्यात माझी निम्मी हयात गेली. पत्नी कै. आनंदाबाई विचारी, "तुमच्या सायबाचंही ताट वाढू का?" हस्तलिखित मित्र बंडोपंत देशकर यांना द्यावे. साहेब निव्वळ भित्रे होते हे त्यांचे मत चूक आहे. पण प्रत्येक प्रकरण वाचले ते त्यांनीच. "वाचकांना लढणारा नायक हवा" म्हणून हस्तलिखित परत पाठवणाऱ्या प्रकाशकांना काहीही देऊ नये.

३. ठेवी मुलगी मीरा व मुलगा सुमीत यांना समान.

४. घर. सुमीतने मोटार ठेवायला आईचे संत्र्याचे झाड तोडले, तेव्हापासून मीरा त्याच्याशी बोलत नाही. केळझरच्या गणपतीलाही दोघे वेगळ्या पंगतीत जेवले. आज बंडोपंत व साक्षीदारांदेखत दोघांसमोर हे वाचत आहे. माझी सही होईपर्यंत दोघे बसून राहिल्यास घर निम्मे-निम्मे. जो उठेल त्याचा हिस्सा दुसऱ्याला. सुमीत प्रत्येक वादातून उठून गेला आहे. सबब, घर मीराचे होणार.

५. वाचन संपल्यावर घडले ते नोंदवतो.

सुमीत म्हणाला, "बाबा, मी तं बसूनच हाओ."

"काऊन रे, खुर्चीले चिकटला का?" मीरा म्हणाली. "चहा घेशील?" आणि ती स्वयंपाकघरात गेली.

माझे अनुमान चुकले म्हणून बंडोपंत खूश झाले. "लक्ष्मणराव, पोरीचा हिस्सा गेला."

"गेला काऊन, काका?" सुमीत म्हणाला. "ती चहा कराले उठली, भांडून नाई गेली. बाबा, तसं लिहा."

तसे लिहितो. घर दोघांचे, निम्मे-निम्मे.

६. कबुली: उठणे आणि सोडून जाणे मी एकच धरले. जन्मभर तर्कशास्त्र शिकवून ही चूक माझ्याकडून झाली. साहेबांसाठी कॉफी आणायला कोण उठत असे, तेही मी कधी तपासले नाही.

सही: लक्ष्मणराव नारायण पाठक

साक्षीदार: डॉ. अश्वजित मेश्राम, ओमप्रकाश जयस्वाल, शेजारी

आर्वी, १२ जानेवारी २०२५. सह्या चहा झाल्यावर केल्या.