डिझेलची ओळ

१९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इथे सगळे ठीक. तुझी वहिनी गुडघ्यांनी हैराण आहे, धाकट्याची परीक्षा एकदाची संपली. अंदाजपत्रक छापून गेलं, त्यामुळे ऑफिसात माश्या मारतोय. चार महिने कामाचं निमित्त सांगून तुझ्या पत्राचं उत्तर टाळलं. आता तेही निमित्त उरलं नाही.

तू एवढंच विचारलं होतंस, "तू अर्थखात्यात आहेस, शोधून सांग. रुग्णवाहिका दवाखान्याच्या दारात उभी होती, मग तिच्यात डिझेल का नव्हतं?"

शोधावं लागलं नाही, ताई. पाच वर्षांपूर्वी एका परदेशी संस्थेने खेड्यांतल्या रुग्णवाहिकांच्या डिझेलचा खर्च उचलला. आपल्या पैशांत भर पडावी म्हणून ती मदत होती. आम्ही शहाण्यांनी आपले पैसे काढून घेतले. ते देतायत तर आपण कशाला, असं टिपण मीच लिहिलं. वाचलेल्या पैशांत पगारवाढ भागली, साहेबांनी पाठ थोपटली, मला बढती मिळाली. तू किती खूश झाली होतीस.

आमच्याकडे पद्धत आहे, अंदाजपत्रकात खर्चाच्या ज्या ओळीपुढे तीन वर्षं शून्य येतं ती ओळ पुढे छापतच नाहीत. मग पैसे असले तरी द्यायला जागा नसते. गेल्या वर्षी मदत बंद झाली. डिझेलची ओळ पुन्हा घालायचा प्रस्ताव माझ्याच टेबलावर आला. मी शेरा मारला, 'पुढील वर्षी विचार व्हावा.' त्या वर्षात गाडी लागणाऱ्यांत आपली पोर असेल हे डोक्यातही आलं नाही. कुणाची तरी असणारच, हे तरी यायला हवं होतं.

भावजी सांगत होते, कळा सोसतानाही ती म्हणत होती, "मामाला फोन लावा, तो करेल काहीतरी." तू लावलास. मी काय म्हणालो? गाडी आहे ना दारात, काढायला सांग त्यांना. फोन ठेवला आणि मला तो शेरा आठवला. तरी परत फोन केला नाही. ट्रॅक्टर मिळेपर्यंत ती गेली, बाळही गेलं. अधिवेशन चालू आहे म्हणून मी आलो नाही, तेही खोटं होतं. तुझ्यासमोर उभं राहायची छाती झाली नाही.

यंदा ती ओळ छापली आहे. हे सांगून मला सुटायचं नाही. माफीही मागवत नाही.

शनिवारी पहिल्या गाडीने येतोय. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. तुझा भाऊ म्हणून सही करायला हात धजत नाही.

तिने ज्याला फोन लावायला सांगितला, तो
मामा