वाटणीत राहून गेलेली मांजर

पेडगाव, मंगळवार

तीर्थरूप अण्णासाहेब दादांस,

धाकट्या महारुद्रचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व सुखरूप. इकडे म्हणजे भिंतीच्या अलीकडे. तुमचीही तब्येत ठीक असावी, कारण आज पहाटे तुमचा खोकला नेहमीच्या वेळेला ऐकू आला (वहिनींचा काढा बंद केलेला दिसतो).

आई गेली, वाटणी झाली, त्याला तीन वर्षं झाली. मध्ये भिंत उभी राहिली आणि पन्हाळीचं पाणी कुणाकडे पडावं यावरून आपलं बोलणं बंद झालं. भांडी, बैल, विहिरीच्या पाळ्या, सगळं वाटलं. आईची मांजर मात्र पाचही पंचांच्या ध्यानात आली नाही. ती पत्र्यावरून ये-जा करते. आमच्याकडे ठमी म्हणून दूध पिते, तुमच्याकडे बायजा म्हणून (आणि दोन्हीकडे उपाशी असल्याचं दाखवते).

गेल्या सोमवारी बोक्यानं तिची मांडी फाडली. मी तिला परभणीला डॉक्टर प्राचीताईंकडे नेलं. त्यांनी जखम धुऊन पाच टाके घातले आणि चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं अडकवलं. घरी आणली, तर नरसाळ्यासकट पत्र्यावर गेली आणि तुमच्याकडून हळद भरून, धोतराच्या चिंधीत बांधून परत आली. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम केलंत. मी हळद धुतली, नवी पट्टी बांधली. संध्याकाळी पुन्हा हळद. असं चार दिवस चाललं. जखम चिघळली, आणि मी मनात तुम्हाला जे बोललो ते इथे लिहीत नाही (तुम्ही वडीलधारे आहात).

शुक्रवारी तुम्ही तिला त्याच डॉक्टरांकडे नेऊन बायजा नावानं दुसरा कागद काढलात. त्यांनी स्वतःचे टाके ओळखले. काल मला बोलावून म्हणाल्या, "काका, जखम आपणहून भरती. तुमी दोघं तिला भरू देईनात. आता पुन्हा चिघळली तर पाय काढावा लागंल."

दादा, मी घाबरलो. आईचं न वाटलेलं एवढंच उरलं आहे. दहा दिवस तिला एका खोलीत कोंडायला सांगितलंय. तुमच्याकडेच ठेवा. आईची खाट तुमच्या वाटणीला आली, ती तिथेच झोपते. माझ्याकडची पत्र्याची फट मी आजच बुजवली. फक्त हळद नको, चिंधी नको, आणि नरसाळं काढू नका, कितीही तोंड वाकडं केलं तरी.

आपला,
महारुद्र

ता. क. – पुढच्या आठवड्यात गुरुवारी टाके काढायचे आहेत. धरायला घरचीच दोन माणसं लागतील म्हणे. तुम्हालाही सांगितलं असेलच. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं, बाकीचं ओघात आलं.

ता. क. – पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून तुमचा आवाज आला. "सांग गं बायजा त्याला, म्होरचे पाय मी धरतो म्हनावं. त्यो लय भित्रा हाय." तरी पत्र पाठवतोच आहे. मागचे पाय मी धरीन. आणि इतकं ओरडून सांगायची गरज नव्हती, मला तीन वर्षं सगळं ऐकू येतं. काढा घेत जा.