पुलेंगच्या घरी एक मुक्काम

१४ डिसेंबर

खरं तर आम्ही समुद्रावर निघालो होतो. ब्लूमफाँटेन सोडलं तेव्हा गाडीत टरबूज होतं, वाळूत खेळायची बादली होती, आणि कनानेलोची अखंड बडबड. फाट्यावर मोलेफीने मला न विचारता गाडी डोंगराकडे वळवली. म्हणे, लेसोथोत माणसं आपलीच, बोली आपलीच, आणि आपली पोरगी सहा वर्षांची झाली तरी तिने धड डोंगर पाहिलेला नाही. एक मुक्काम करू, समुद्र काय पळून जातोय? मी थोडी कुरकुरले, मग मलाच हसू आलं. सरहद्दीच्या नाक्यावर तिन्ही पासपोर्टांवर शिक्के बसले. कनानेलो आपला शिक्का पुन्हा पुन्हा उघडून बघत होती.

चारच्या सुमारास गारांनी गाठलं. ओढ्यावरचा फरशीपूल ओलांडला आणि पहिलं गाव लागलं तिथेच थांबलो. दगडी गोल घर, वर गवताचं छप्पर, आत शेणाच्या गोवऱ्यांची ऊब. घरमालकीण मा-पुलेंग माझ्याच वयाची. मी मा-कनानेलो, ती मा-पुलेंग; दोघींनाही हाक लेकीच्या नावानेच. तिची पुलेंग मात्र दोन वर्षांपूर्वी याच ओढ्यात बुडाली. आज सहा वर्षांची असती. मक्याचा घाटा ढवळता ढवळता तिने हे सांगितलं, डोळ्यांत टिपूस नाही. मग पेटीतून छोटं निळं ब्लँकेट काढलं, कनानेलोच्या खांद्यावर घातलं आणि पुढे पिन लावली.

१५ डिसेंबर

वर डोंगरात रात्रभर पाऊस झालाय. पूल पाण्याखाली. गावप्रमुख म्हणाले, दोन दिवस तरी गाडी निघणार नाही. मोलेफी उलट खूश. सकाळीच कुणाच्या तरी घोड्यावर बसून आला.

शेजारच्या म्हाताऱ्याने कनानेलोला ‘पुलेंग’ म्हणून हाक मारली. मी चूक दाखवली तेव्हा त्याने टोपी काढून माफी मागितली, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच. कनानेलोने ओ दिली. मी तिला बाजूला घेऊन दटावलं, तर मोलेफी म्हणाला, “अगं, म्हाताऱ्याचं मन राखलं पोरीने. बिघडलं काय?”

बिघडलं काहीच नाही. पण घरी ज्वारीच्या आंबूस पेजेच्या वासानेच नाक मुरडणारी माझी मुलगी आज वाडगाभर पेज प्याली. मग वाडगा धुऊन दारामागच्या कोनाड्यात ठेवून आली. तो कोनाडा तिला कुणीच दाखवला नव्हता.

१६ डिसेंबर

गाव फार चांगलं आहे. हेच लिहायला जड जातंय. कुणी आवाज चढवत नाही. बायका भाजी आणून देतात, माझी विचारपूस करतात, आणि माझ्या मुलीला पुलेंग म्हणतात. मी सांगितलं की मान डोलावतात, आजारी माणसापुढे डोलवावी तशी.

दुपारी ती मा-पुलेंगच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, केसांत तेल घालून घेत. मी “कनानेलो, इकडे ये” म्हटलं. तिने मान वळवली नाही. मा-पुलेंगनेच तिला हळूच म्हटलं, पाहुण्या बोलावताहेत, जाऊन ये. आली. माझ्यासमोर हात बांधून उभी राहिली, परक्या मोठ्या माणसासमोर राहावं तशी.

मोलेफीला सांगितलं. त्याने विचारलं, “कोण कनानेलो?” मग कपाळ चोळलं, हसला, म्हणाला ऊन डोक्यात चढलंय. तो हसला म्हणून मीही —

१७ डिसेंबर

पूल मोकळा झाला. सामान भरलं. ती गाडीत बसेना. मी तिला उचललं, तर किंचाळली नाही, नुसती लाकडासारखी ताठ झाली.

गावप्रमुख नोंदवही घेऊन आले. पुलेंग, जन्म अमुक साली, पावसात. पुढे मृत्यूचा रकाना कोरा. त्यांनी मोलेफीला बाजूला नेलं, दोघं हळू बोलले. मोलेफी रडत परत आला. त्याने माझ्या हातांतून तिला सोडवून घेतलं, एकेक बोट उलगडून. म्हणाला, “दुसऱ्याचं लेकरू नेता येत नाही गं. चल घरी. आपलीला जाऊन दोन वर्षं झाली.”

मला त्यानेच गाडीत बसवलं. मी दार उघडायला गेले तर कुलूप —

१८ डिसेंबर, नाका

पासपोर्ट दोन. तिसरा कुठाय विचारलं, तर शिपायाने मोलेफीकडे पाहिलं. मोलेफीने मान हलवली.

फोनमध्ये शोधलं. चार वर्षांची कनानेलो आहे, वाढदिवसाची टोपी घातलेली. त्यानंतर एकही फोटो नाही. पुढे सगळीकडे आम्ही दोघंच. मी बारीक झालेली दिसते.

गाडीत टरबूज आहे. बादली नाही.

मोलेफी शिक्का घ्यायला रांगेत उभा होता. मी मागच्या बाजूने निघाले. डोंगराकडे जाणारी जीप मिळाली. त्याने हाका मारल्या, तरी मी —

१९ डिसेंबर

सकाळी पोचले. कुणी अडवलं नाही. चहा दिला.

ती दारात खेळते आहे. निळं ब्लँकेट. मी हाक मारली. ती घाबरून आईच्या मागे लपली.

मा-पुलेंग माझ्याजवळ येऊन बसली. माझा हात हातात घेतला. तिचा हात ऊबदार आहे. म्हणाली, “मला कळतं, बाई. लेकरू गेलं की प्रत्येक पोरीत तेच दिसतं.” मग अगदी मायेने विचारलं, “तुमची कुठल्या नदीत गेली?”

मी सांगणार होते — माझी गेली नाही, ती बघा तिथे, तुमच्या मागे — पण तोंडातून नदीचं नाव आलं. आपल्या घरामागच्या नदीचं. आणि ते उच्चारलं तसं आठवायला लागलं, पाणी किती गार होतं, मी किती जोरात धरलं होतं, आणि तिचा एक बूट तेवढा माझ्या हातात —