लाल फडक्यातल्या कानशी

मामा, तुमाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझेच गुडघे तुमच्यासारखे वाजायलेत. सासऱ्याला सुनेनं चिठ्ठी लिहायचा रिवाज न्हाई, अन् तिसरी शिकलेल्या बाईनं तर न्हाईच. पण हे तुमच्याशिवाय कुणाला सांगावं ते कळंना.

आधी चांगलं सांगते. तुमची पणती, माझ्या लेकाची लेक, आयटीआयला फिटर शिकायलीय. रोज सकाळच्या गाडीनं सेलूहून परभणीला जाती, अन् घरी आली की हाताला तुमच्यासारखाच लोखंडाचा वास. मला लय आनंद झाला. गल्लीभर सांगत सुटले. शेजारीण म्हणली, "पोरीला कानस कशाला, पोळपाट द्या." मी म्हणले, "पोळपाट तुझ्या नातवाला दे, त्याला एवढं तरी येऊ दे." ती पण हसली. अन् पोरीला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, कानशी इकत घेऊ नको, पणजोबाच्या बारा कानशी मी देवाजवळ जपून ठेवल्यात, खंडेनवमीला पूजा करून तुझ्या हातात देते. तिनं तोवर मैत्रिणीच्या कानशी मागून भागवलं.

मला तुमचं शेड अजून दिसतंय. तुमी कापसाच्या जिनातून फिटरकी करून येता, चहाचा कप घेऊन मागच्या पत्र्याखाली बसता. समोर तुमीच केलेली सागवानी घडवंची, तिला बारा खाचा, एकेका खाचेत एकेक कानस उभी. चपटी, गोल, तिकोनी, अर्धगोल. एकीला दुसरी शिवत न्हाई. लोखंडाला लावायच्या आधी तुमी तिच्यावर खडू फिरवता, काम झालं की तारेच्या ब्रशनं कीस झाडता, मगच खाचेत. पितळाची येगळी, तिला लोखंड दाखवायचं न्हाई. मी नवी नवरी, मला वाटायचं हा माणूस सुनेपेक्षा कानशींशी जास्त बोलतो.

अन् ती माझी पहिली खंडेनवमी. हत्याराची पूजा म्हणून मी साऱ्या कानशी राखेनं घासून बादलीत धुतल्या, ओलं हळदीकुंकू लावून सुपात मांडल्या. लय नटवल्या होत्या. तुमी आलात, बघितलंत. चुलीपुढं बसून एकेक पुसली, शेकली, ब्रश मारला. चहा तसाच गार झाला. मग म्हणलात, "बाई, ह्यांना दात हायेत. वले राहिले की किडतात, एकमेकीवर घासले की बोथट होतात. पूजा मुठीची करायची, कोरडी." मी रात्रभर मुसमुसले. दुसऱ्या दिवशी तुमी त्या बारांतली न्हाई, येगळ्याच एका लहान तिकोनी कानशीला बाभळीची मूठ बसवून मला दिलीत. "ही तुझी. विळीला धार तूच लाव." त्या कानशीनं मी म्हातारी होईस्तोवर विळी घासली. ती झिजून गुळगुळीत झालीय, पण ती कामानं झिजली, तिचं मला काही वाटत न्हाई.

तुमी गेलात, त्या साली मुठीला कोरडी हळद लावून माझं मन भरंना. एवढा माणूस, अन् चिमूटभर हळद? मी कानशींना दुधापाण्यानं आंघोळ घातली. ओलं हळदीकुंकू लावलं. बाराच्या बारा एका लाल फडक्यात गच्च बांधून देवाच्या फळीवर ठेवल्या. तिथून पुढं दरसाली तेच. फडकं सोडलं की आतून तांबडं तांबडं दिसायचं. मला वाटायचं, मागच्या सालचं कुंकू हाय. बोटाला लागायचं ते मी कपाळाला लावायची, मामा.

औंदा फडकं सोडलं ते पोरीनं. आधी कपाळाला लावलं, मग सोडलं. कानशी एकमेकीला चिटकल्या होत्या, ओढून काढाव्या लागल्या. चपटी घेऊन तिनं लोखंडाच्या पट्टीवर रेटली. तुमच्या हातात खर्र खर्र बोलायची ती कानस साबणावानी सरकली. "आजी, हा गंज हाय. ह्यांना दातच राहिले न्हाईत." मग माझं तोंड बघून म्हणली, "असू दे, आपण दाराच्या वर टांगू." दुसऱ्या दिवशी परभणीहून नव्या घेऊन आली.

मला अन्न गोड लागंना. कुणी चोरल्या असत्या तर शिव्या तरी दिल्या असत्या. मीच दरसाली न चुकता, उपाशीपोटी, हात जोडून तुमच्या कानशी मारल्या. आता कुठल्याच उपायानं दात येणार न्हाईत.

परवा पोरगी ताट घ्यायला स्वयंपाकघरात आली. नव्या कानशी पिशवीत खडाखडा वाजत होत्या. म्हणली, "आजी, पणजोबा कशात ठेवायचे गं?"

मी म्हणले, "असंच, गठुड्यात. त्यांनीच तसं बांधायला शिकवलं."

"मग पणजोबालाच कळत नव्हतं म्हणायचं," म्हणली, अन् ताट घेऊन जेवायला बसली.

ताट तिनं तुमच्या घडवंचीतून काढलं, मामा. तुमी गेल्यावर रिकामी पडली म्हणून मी ती ताटाळं करून घेतली होती. आता ती पुसून पोरीला द्यायला, हे पणजोबाचं म्हणायला, किती येळ लागतो?

ही चिठ्ठी तुमाला पोचणार न्हाई, म्हणून सांगते. आज सकाळी ताटं घासली, अन् परत त्याच खाचांत लावली.